बंद शेड पुन्हा चालू करायचं असेल तर

"वहिनी, हे शेड कसं चालू केलंसा?" कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या दारात येणारे बरेच जण हे विचारतात. कुणाच्या वडिलांचं लेथचं दुकान सात वर्षं कुलपात असतं, कुणाला कमी भाड्यात बंद शेड मिळत असतं, कुणी फाउंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली, नोकरी सोडायच्या बेतात असतो. उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून एकदा बसून लिहिते. मी कोअर शॉप चालवते, त्यामुळे उदाहरणं कोअरची येतील. पण टर्निंगचं, फेटलिंगचं (ओतीव माल घासून साफ करायचं) किंवा पॅटर्नचं (साच्याच्या नमुन्याचं) काम असलं तरी यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी तुम्हालाही लागतील.

ज्यांना कोअर माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: बिडाचा ओतीव भाग आतून पोकळ हवा असेल, म्हणजे पंपाचं केसिंग, इंजिनाचं हेड, व्हॉल्व्हची बॉडी, तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा ठोकळा साच्यात बसवतात आणि त्याच्या भोवतीनं वितळलेल्या बिडाचा रस ओततात. रस थिजला की आतली वाळू फोडून काढायची, पोकळी उरते. तो ठोकळा म्हणजे कोअर. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या एमआयडीसींतल्या फाउंड्र्यांना तो रोज लागतो, आणि सगळ्याच फाउंड्र्या तो स्वतः करत नाहीत. आमच्यासारख्यांचं पोट त्यावर आहे.

आधी माणसं

माझे वडील शाहू मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेली ही मिल, कोटीतीर्थाजवळ २७ एकरांत पसरलेली. तिच्या भोंग्यावर आमच्या गल्लीतल्या चुली पेटायच्या. २००३ ला मिल बंद पडली तेव्हा मी दहावीत होते. वडिलांच्या खात्यातला एक जॉबर इचलकरंजीला गेला, एक फिटर पुण्याला, दोघं वॉचमन झाले. वडिलांनी शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर काम धरलं. वर्षभरात सगळं खातं पांगलं. पुढे एकदा जेवताना ते म्हणाले, "मशिनी गेल्या त्याचं एवढं नाही गं. उद्या कुणी नवीन आणून बसवल्या तरी पोरांना शिकवणार कोण?"

शेड बघायला निघाले तेव्हा हे वाक्य माझ्या डोक्यात होतं. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी अकरा वर्षं कोअर शॉपला होते. तिथलं हातानं करायचं काम कमी झालं आणि २०१८ च्या दिवाळीनंतर आम्हा सात बायकांना घरी बसावं लागलं. शेड घ्यायच्या आधी मी दोन महिने नुसती माणसं शोधत होते. त्यात आमचे मिस्त्रीमामा सापडले. वय सदुसष्ट, चाळीस वर्षं कोअर शॉपमध्ये काढलेली, आणि घरी बसून कंटाळलेले. माझ्या लाइनीतल्या दोघी जणी धुण्याभांड्याची कामं करत होत्या, त्या लगेच यायला तयार झाल्या.

तुम्हीही असंच करा. तुमच्या कामातला एक जुना, हात बसलेला माणूस आणि दोन चालू वयाची माणसं तयार असल्याशिवाय शेडाचं डिपॉझिट देऊ नका. जुन्या माणसाला पूर्ण दिवस राबवायचं नाही. आमचे मामा सकाळी नऊ ते एक येतात, पगार ठरलेला, चहा आणि दुपारचं जेवण आमच्याकडे. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मामा, काम चालू असताना तुम्ही मशिनीला हात लावायचा नाही. आमच्या हातांकडे बघायचं आणि चुकलं की तिथंच थांबवायचं." हे जमलं नसतं तर बाकी काहीच जमलं नसतं. माणूस नेमताना त्याला किती वर्षं केलं हे विचारत बसू नका. माल कशानं खराब होतो ते विचारा. जो दहा कारणं सांगेल तो तुमच्या कामाचा.

शेड पावसात बघा

उन्हाळ्यात प्रत्येक शेड चांगलंच दिसतं. जुलैमध्ये, पाऊस लागून राहिलेल्या दिवशी जा. पत्र्याखाली उभं राहून वर बघा, मग खाली. भिंतीच्या कडेनं ओल कुठवर चढली आहे, जोतं रस्त्यापेक्षा किती उंच आहे, बोळात टेम्पो वळतो का. मी जानेवारीत शेड घेतलं आणि ही चूक केली. पहिल्या पावसात मागच्या पन्हाळीतून पाणी थेट वाळूच्या पोत्यांवर उतरलं.

त्याहून मोठी गोष्ट विजेची. बंद शेडाचं कनेक्शन बहुतेक वेळा कायमचं तोडलेलं असतं, आपल्याकडे त्याला 'पीडी झालेलं' म्हणतात. त्या मीटरवर जुन्याची थकबाकी असेल तर नवं कनेक्शन मागताना ती तुमच्या गळ्यात येऊ शकते. जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये मान्य केलं आहे. म्हणून जुन्या बिलावरचा ग्राहक क्रमांक घ्या, महावितरणच्या कार्यालयात जाऊन बाकी किती ते लेखी घ्या, आणि ती कोण भरणार हे भाडेकरारात घाला. तसंच घरफाळ्याचं आणि पाणीपट्टीचं. शेडावर किंवा आतल्या मशिनींवर बँकेचा बोजा आहे का तेही बघायला पाहिजे. बँकेकडे तारण असलेली मशीन तुम्ही दुरुस्त करून चालवायला लागलात आणि एक दिवस बँकेची माणसं दारात आली, असं व्हायला नको.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, उद्योगाचा परवाना या गोष्टी एकदा जाणकार माणसाला विचारून घ्या, कारण प्रत्येक कामाला नियम वेगळे लागतात. शेजारी राहती घरं असतील तर आमचं काम तिथं करूच नका. शेल कोअर, म्हणजे राळ लावलेल्या वाळूचा तापवून केलेला कोअर, भाजताना अमोनियाचा उग्र वास येतो. रोजचं भांडण विकत घेऊन धंदा होत नाही.

आत पडलेल्या जुन्या सामानाला तीन महिने हात लावू नका, म्हणजे विकू नका. शेड उघडलं की भंगारवाला त्याच दिवशी येतो. आमच्या शेडात हातानं चालवायच्या दोन शेल मशिनी, एक वाळूचा मिक्सर आणि अडगळीत लाकडी कोअर बॉक्सचा, म्हणजे कोअरला आकार देणाऱ्या साच्यांचा, ढीग होता. मालक म्हणाला, सगळं किलोवर देऊन टाका. मामांनी एक मशीन दोन दिवस रॉकेलनं धुतली, गाइड बुश बदलले, बर्नरची भोकं तारेनं मोकळी केली, तपमान मोजायचं थर्मोकपल नवं घातलं. ती आजही चालते. दुसरीचा सांगाडा वाकलेला होता, तिचे सुटे भाग पहिलीला झाले. वायरिंग मात्र जुनं ठेवू नका. सगळं उपटून नवं घाला, अर्थिंग नव्यानं करून घ्या. त्यात काटकसर करू नये, ओल आणि वाळू असलेल्या जागेत तर मुळीच नाही.

कामाची मागणी कशी घालायची

पहिल्यांदा मी फाउंड्रीच्या परचेसला, म्हणजे खरेदी खात्यात, जाऊन "काम द्या" म्हणत होते. सगळीकडे "सध्या नाही" हेच उत्तर. मामांनी मला बदलायला लावलं. ते म्हणाले, "कुठला कोअर तुम्हाला जास्त त्रास देतो, एवढंच विचार." तसं विचारायला लागले. तिसऱ्याच ठिकाणी तिथल्या कोअर शॉपच्या दादांनी टेबलाखालून एक तुटका कोअर काढला. लांब, बारीक, मध्ये वाकडा, उचलताना मोडणारा. "हा करून दाखवा ताई, मग बोलू." आम्ही आत सळी कशी घालायची, बॉक्समधून काढल्यावर कुठल्या साच्यावर आडवा ठेवायचा, हे चार दिवस करून बघितलं आणि पन्नास नग नेऊन दिले. त्रेचाळीस चांगले निघाले. तेवढ्यावर काम मिळालं.

सुरुवातीला एकच प्रकारचं काम घ्या. एकाच मालाचे दोन गिऱ्हाईक असले तर फार उत्तम. पाच गिऱ्हाइकांचे पाच प्रकार घेतले की सगळा दिवस बॉक्स बदलण्यात जातो.

पैसा कमी असेल तर पहिले सहा महिने नुसत्या मजुरीवर काम करा: वाळू (सँड) पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची, बॉक्स पार्टीचा, मजुरी आणि गॅस आपला. नफा कमी राहतो, पण वाळूत पैसा अडकत नाही. मी दोन पाटल्या गहाण ठेवून सुरुवात केली, आणि त्या पैशातून भाडं, वायरिंग आणि तीन महिन्यांचे पगार एवढंच बसत होतं. वाळू विकत घेऊन सुरू केलं असतं तर दुसऱ्याच महिन्यात हात आखडला असता.

पार्टीचा बॉक्स आत घेताना चलन घ्या, वजन करा, चारी बाजूंनी फोटो काढा, खरवडलेलं किंवा चेपलेलं असेल ते चलनावरच लिहून त्यांच्या माणसाची सही घ्या. बॉक्स महाग असतो. सहा महिन्यांनी त्यावरचा ओरखडा कुणी पाडला, यावरून मोठं बोलणं होतं.

आणि एक गोष्ट मी फटका खाऊन शिकले. माझे पहिले तिन्ही गिऱ्हाईक शिरोलीचे होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. माझा माल तयार, फाउंड्रीला हवा, आणि मध्ये नदी. पाणी ओसरल्यावर पहिलं काम मी गोकुळ शिरगावला गिऱ्हाईक शोधण्याचं केलं. जुलै २०२१ ला हायवे पुन्हा पाण्याखाली गेला तेव्हा निम्मं काम तरी चालू राहिलं. कोल्हापुरात धंदा करणाऱ्यानं नदीच्या दोन्ही अंगाला गिऱ्हाईक ठेवावं, हे मी प्रत्येकाला सांगते.

हात कसा बसवायचा

आता शेल कोअरचं सांगते, कारण बाहेरून येणाऱ्याला वाटतं की मशीन सगळं करते.

वाळूला राळेचं अस्तर दिलेलं असतं, ती पोत्यात तयार येते. बॉक्स तापवायचा, वाळू आत सोडायची, थांबायचं, उघडायचं, काढायचं. ऐकायला एवढंच. बॉक्स साधारण २३० ते २६० अंशांच्या दरम्यान हवा. पण मीटरवरचा आकडा हा प्लेटमधल्या थर्मोकपलचा असतो, बॉक्सच्या तोंडाचा नव्हे. कोपरे थंड असतात, बर्नरच्या वरची जागा जास्त तापलेली असते. म्हणून सकाळी पहिला कोअर काढायच्या आधी बॉक्सच्या तोंडावर चार ठिकाणी तपमान बघा आणि वहीत लिहा. महिनाभर लिहिलंत की तुमचा बॉक्स कुठं दगा देतो ते तुम्हालाच कळेल.

मग रंग. मामा आम्हाला म्हणायचे, घड्याळ नंतर, आधी रंग बघा. कच्चा कोअर फिकट पिवळा दिसतो, हळद घातलेल्या दुधासारखा. नीट भाजलेला कोअर चांगल्या गुळाच्या ढेपेसारखा दिसतो, पिवळसर तांबूस, सगळीकडे सारखा. करपलेला काकवीसारखा काळपट होतो. कच्च्यात राळ पुरती शिजलेली नसते, रस ओतला की त्यातून जास्त वायू सुटतो आणि कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, ब्लो होल (वायूची भोकं) पडतात. करपलेल्यात राळ जळून गेलेली असते, तो कोअर हातात धरला तरी कडा झडतात, आणि साच्यात रसाच्या माऱ्यानं वाळू सुटून धातूत शिरते. दोन्ही दोष कास्टिंग फोडल्यावर किंवा मशीन केल्यावरच दिसतात. तोवर धातू, वीज, मोल्डिंग सगळं वाया गेलेलं असतं, आणि डेबिट नोट, म्हणजे नुकसान वजा केल्याचा कागद, कोअरवाल्याच्या नावानं निघते.

दर पाळीला एक चांगला कोअर मुद्दाम मधून तोडा. जीव हळहळतो, तरी तोडा. पोकळ कोअर असेल तर कवचाची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते दिसतं. एक बाजू जाड आणि एक पातळ असेल तर बॉक्स एकीकडून जास्त तापतोय. नखानं टिचकी मारून ऐकायचीही सवय लावा. भाजलेला कोअर टणटणीत वाजतो, कच्चा भद्द वाजतो. माझ्याकडच्या एका मुलीला आता नुसत्या आवाजावर कळतं, ती पाठमोरी असते आणि म्हणते, "हा बाजूला ठेवा."

बॉक्समधली हवा निघायच्या जाळ्या राळेनं बुजतात. दर पाळीला पितळी ब्रशनं साफ करा. लोखंडी ब्रश वापरलात तर बॉक्सवर ओरखडे पडतात आणि मग कोअर सुटताना अडकतो. सिलिकॉनचा फवारा थोडाच मारा. जास्त मारला तर कोअरचं तोंड नरम येतं.

सीओटू कोअरचा प्रकार निराळा. वाळूत सोडियम सिलिकेट, वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के, मिसळून बॉक्समध्ये ठासायचं आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा, काही सेकंदात कडक होतो. यात नवखा माणूस गॅस जास्त सोडतो, त्याला वाटतं अजून घट्ट होईल. होतं उलटं. जास्त गॅसनं कोअरच्या अंगावर पांढरी भुकटी येते आणि तो ठिसूळ होतो. तयार मिश्रण उघडं ठेवू नका, ओल्या पोत्याखाली झाका आणि लागेल तेवढंच करा. हवेतल्या वायूनंसुद्धा ते कडक व्हायला लागतं.

धुळीबद्दल मी ऐकून घेणार नाही. कोअरची वाळू म्हणजे सिलिका. तिची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि परत निघत नाही, त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर तो बरा करणारं औषध नाही. कोरडा झाडू आमच्या शेडात येऊ देत नाही. पाणी शिंपडून ओलं झाडायचं. मास्क एन-९५, पदराचं टोक चालणार नाही. मशिनीच्या वर हूड आणि मोठा एक्झॉस्ट, पहिल्या दिवसापासून. गॅसच्या टाक्या भिंतीबाहेर, साखळीनं बांधून. आमच्या लाइनीत मी अशी माणसं बघितली आहेत की जी पन्नाशीतच दोन जिने चढू शकत नाहीत. पगार दोनशे रुपये कमी जास्त झाला तरी चालेल, यात चालणार नाही.

दर काढणं

बहुतेक नवे लोक शेजारच्याचा दर ऐकून आपला ठरवतात आणि वर्षभरात शटर पुन्हा खाली येतं. स्वतःचा हिशेब काढा. आकडे मी समजुतीपुरते धरते, तुमचे तुम्ही घाला.

समजा एका कोअरला १ किलो वाळू लागते आणि वाळू १२ रुपये किलो पडते, म्हणजे १२ रुपये. गॅस आणि वीज दीड रुपया. दोन माणसांची ताशी मजुरी मिळून १६० रुपये आणि तासाला ४० कोअर निघत असतील तर मजुरी ४ रुपये. भाडं, व्याज, दुरुस्ती ताशी ६० रुपये धरली तर दीड रुपया. झाले १९. शंभरात चार मोडणार असतील तर १९ भागिले ०.९६, म्हणजे सुमारे १९ रुपये ८० पैसे. पॅकिंग आणि टेम्पो ७० पैसे. साडेवीस रुपये ही तुमची पड, म्हणजे मूळ खर्च. नफा त्याच्या वर.

इथवर सगळे करतात. बॉक्स बदलण्याचा वेळ विसरतात. बॉक्स उतरवून दुसरा चढवून तापेपर्यंत ४० मिनिटं जातात. ताशी २२० रुपयांच्या हिशेबानं ते सुमारे १४७ रुपये झाले. ऑर्डर १०० नगांची असेल तर नगामागे दीड रुपया वाढला, ५०० नगांची असेल तर तीस पैसे. म्हणून माझ्या कोटेशनवर दोन दर असतात, छोट्या लॉटचा वेगळा, मोठ्याचा वेगळा. परचेसवाले कुरकुरतात. हिशेबाचा कागद समोर ठेवला की बहुतेक जण मानतात, आणि पुढच्या वेळी ऑर्डरच मोठी देतात.

कागद आणि उधारी

उद्यम नोंदणी पहिल्या आठवड्यात करा. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, फुकट होते. दुकानदार पैसे मागत असेल तर देऊ नका. ही नोंदणी उधारी वसूल करायला कामाला येते. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही नियम आला की असे पैसे वेळेत दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष देईल तेव्हाच करता येतो. मार्च जवळ आला की त्यामुळे फोन न करता पैसे यायला लागले आहेत. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा.

तरीही कायद्याच्या भरवशावर माल देत सुटू नका. दुसऱ्या वर्षी एका पार्टीनं माझे साडेतीन महिन्यांचे पैसे अडवले होते. दर वेळी "पुढच्या सोमवारी". मी माल देत राहिले, कारण काम तुटेल ही भीती. शेवटी पगाराला पैसे उरले नाहीत तेव्हा गाडी थांबवली, आणि आठवड्यात निम्मे आले. तेव्हापासून वहीत प्रत्येक पार्टीपुढे एक आकडा लिहिलेला आहे: एवढ्यावर बाकी गेली की पुढचा टेम्पो नाही. तो आकडा म्हणजे तुमचा एक महिन्याचा पगार आणि भाडं, त्याहून जास्त नको.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिलांना स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात आणि शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळतं. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पण ही योजना नव्या युनिटला आहे, म्हणून आधी धंदा सुरू करून मग अर्ज केलात तर अडचण येते. क्रम लक्षात ठेवा. अनुदान हातात पडत नाही, बँकेत ठेव म्हणून राहतं आणि युनिट चालत राहिलं की कर्जात वळतं होतं. त्यामुळे पूर्ण कर्जाचा हप्ता झेपेल एवढंच कर्ज घ्या.

पावसाळा

आमच्या धंद्यात जून ते सप्टेंबर हे वेगळं वर्षच आहे. २०१९ च्या जुलैमध्ये आम्ही शनिवारी सीओटूचे कोअर करून फरशीवर रचून ठेवले, सोमवारी सकाळी पाठवले. दिसायला ठणठणीत. कास्टिंगमध्ये १४० नग ब्लो होलनं गेले. सिलिकेटचे कोअर हवेतली ओल पितात, आणि कोल्हापूरचा जुलै म्हणजे भिंतीलाही घाम. चूक सगळी माझी होती. मी डेबिट नोट भरली, आणि त्यांच्या फाउंड्रीत जाऊन फोडलेली कास्टिंग डोळ्यांनी बघून आले. तुमच्याकडून माल खराब गेला तर फोनवर माफी मागू नका, जाऊन बघा. माझं ते गिऱ्हाईक आजही आहे.

त्यानंतर ठरवून टाकलं. पावसाळ्यात सीओटूचा कोअर ज्या दिवशी केला त्याच दिवशी जातो. शेल सँडची पोती लाकडी पाटांवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि जुनं पोतं आधी संपवायचं. गोळे झालेली सँड मशिनीत घालायची नाही. कोअरला लावायचा ग्रॅफाइटचा वॉश, म्हणजे लेप, पाण्यातला असेल तर वाळायला हीटरची खोली लागते, जूनच्या आधी तिची सोय करा. पन्हाळी मे महिन्यात साफ.

आणि मोबाइलवर रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोक्याची. पाणी ३९ कडे सरकायला लागलं की मी नदीपलीकडचा सगळा माल आधी करायला घेते आणि रात्रीतून शिरोलीला पोचवते. ४३ ची वाट बघितली तर टेम्पोवाला फोन उचलत नाही.